तिसरी मिशी

चौथी कव्हरस्लिप काही केल्या सुटेना. चिलटबाईंनी काचेच्या कडेला राळ विरघळवणाऱ्या झायलीनचा आणखी एक थेंब सोडला, सुईचं टोक फटीत अलगद सरकवलं आणि श्वास रोखून धरला. नखाएवढी काच हलली, जराशी तरंगली आणि बाजूला झाली. खाली सहा पाय होते, एकोणीस वर्षं राळेत अडकून पडलेले.

संग्रहालयात त्यांना सगळेच चिलटबाई म्हणत, समोर आणि पाठीमागेही. बाईंची त्याला हरकत नव्हती. ज्या किड्यापायी त्यांनी डोळे झिजवले तो दिसायला हुबेहूब डास. फरक एवढाच की त्याला रक्त शोषणारी सोंड नाही आणि तो चावत नाही. लोक तरीही त्याला टाळी वाजवून मारतातच. या चिलटांच्या शेकडो जाती, आणि नुसत्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच. जात ओळखायची तर एका चिलटाचे पाच भाग करून ते पाच काचांखाली मांडावे लागतात: डोकं, पंख, छाती, पाय आणि पोट. मग नराच्या पोटाच्या टोकाशी असलेला बारीक चिमटा बघायचा, मिशांच्या कांड्या मोजायच्या, पायांच्या लांबीचं गणित मांडायचं. दिवसाला दोन जाती पक्क्या झाल्या तरी बाई खुशीत घरी जात.

आज समोर होती ती स्लाइड मात्र साधी नव्हती. या जातीचा जगात एकच नर ठाऊक होता आणि तो याच काचेवर होता. डोंगराच्या अंगाला असलेल्या एका ओढ्यावर बाईंना तो सापडला होता. त्याच्या मिशीची शेवटची कांडी बाकी सगळ्या कांड्यांच्या एकूण लांबीच्या तिप्पट भरली. त्या कुळात असली मिशी कोणी पाहिली नव्हती. बाईंनी नवी जात जाहीर केली, तिला नाव दिलं, आणि ज्या खात्यात त्यांना अर्धवेळ मदतनीस म्हणून घेतलं होतं त्याच खात्यात त्यांना स्वतःचं टेबल मिळालं. तेव्हापासून दरवर्षी थंडी सरता सरता बाई चार दिवस त्या ओढ्यावर जात. दुसरा नमुना अजून मिळाला नव्हता. मिळेल, असं त्या म्हणत. ओढा आहे तिथेच आहे, चिलटं कुठे जाणार.

दुसऱ्या एका संस्थेने त्या नराचे स्वच्छ फोटो मागवले होते, आणि राळ तर जुन्या चहासारखी काळपट झालेली. स्लाइड उघडून, धुऊन, पुन्हा बांधायला हवी होती. खरं तर हे काम चिमटेमास्तरांचं. संग्रहालयाच्या चार हजार स्लाइड्स त्यांच्या हातच्या. चिलटाचा पाय केसापेक्षा बारीक. तो उचलताना मास्तर समोरच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारू शकत. हे मास्तर म्हणजे बाईंचा नवरा. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि गेल्याच आठवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना त्रास कशाला, असा विचार करून बाईंनी स्वतःच सुई हातात घेतली. “तुझा हात कापतो,” हे एकतीस वर्षं ऐकून घेतलं होतं. एकदा करून दाखवावं, असंही मनात होतं.

सुईने त्यांनी पाय मोजले. सहा. सहाव्या पायाच्या मांडीखाली आणखी काहीतरी होतं. आधी तो मळ वाटला. बाईंनी भिंग वाढवलं, झायलीन सोडलं, मळ हळूहळू सुटा झाला आणि पिसासारखा फुलला. ती मिशी होती.

बाईंनी पहिल्या काचेखालचं डोकं पाहिलं. तिथे दोन्ही मिशा जागच्या जागी होत्या, एकही तुटलेली नव्हती. एका चिलटाला तीन मिशा. त्यांना चक्क हसू आलं. हे आता घरी जाऊन मास्तरांना सांगायचं आणि म्हणायचं, बघा, तुमच्या हातूनही कचरा राहतो.

मग सवयीने त्यांनी तिसरी मिशी मोजली. शेवटची कांडी बाकीच्यांपेक्षा जेमतेम लांब. तिप्पट सोडा, दीडपटही नाही. मिशीच्या बुडाशी कातडीचा एक तुकडा लोंबत होता, डोक्यावरून ओढून निघाल्यासारखा. बाईंचं हसू तिथेच विरलं.

दुपारभर त्या कपाटातून पेट्या काढत राहिल्या. छाती, पाय, पोटाच्या टोकाचा चिमटा आणि ती तिसरी मिशी, हे सगळं ज्या एका जातीशी जुळलं ती कुठल्याही नाल्यात सापडते. डोकं आणि त्यावरच्या दोन लांब मिशा ज्या जातीशी जुळल्या ती साचलेल्या पाण्यातली. संग्रहालयाच्या गच्चीवरच्या टाकीतही तिची पिलावळ असते. दोन सामान्यांतली सामान्य चिलटं. एकाच्या धडापुढे दुसऱ्याचं डोकं ठेवलं होतं आणि त्या जोडकामाला बाईंनी नवी जात म्हटलं होतं.

चूक होऊ शकते, हे त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण मास्तरांचा नियम सगळ्या संग्रहालयाला पाठ होता: टेबलावर एका वेळी एकच चिलट. ते संपल्याशिवाय, बशी धुतल्याशिवाय, सुया पुसल्याशिवाय दुसरी कुपी उघडायची नाही. हा नियम मोडला म्हणून त्यांनी एकाला महिनाभर नुसत्या काचा पुसायला लावल्या होत्या. त्यांच्या टेबलावर एकाचं डोकं दुसऱ्याकडे आपोआप जाणं शक्य नव्हतं. बाईंनी सगळे तुकडे थेंबभर द्रवात ठेवले, वर बशी झाकली आणि साबणाने दोनदा हात धुतले.

घरी मास्तर ओट्याशी उभे राहून काकडी चिरत होते. डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, तरी चकत्या मापून काढल्यासारख्या सारख्या पडत होत्या.

“उशीर झाला आज,” ते म्हणाले.

“ओढ्यावरची स्लाइड उघडली.”

सुरी थांबली. एवढंच झालं. पण हे हात असे मध्येच थांबत नसत, आणि बाईंना जे कळायचं ते तेवढ्यावरून कळलं.

“कोणी उघडली?”

“मी.”

“मला सांगायचं होतंस.”

“डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना तुमचं. म्हटलं, करून टाकू आणि मग दाखवू. जरा शाबासकी मिळेल.”

मास्तरांनी उरलेली काकडी बाजूला सारली.

“तीन मिशा आहेत हो त्याला,” बाई म्हणाल्या.

मास्तरांनी सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. मग स्टूल ओढून बसले आणि चष्मा काढून हातात धरला. ऑपरेशनचा डोळा लाल होता.

“डोकं हरवलं होतं,” ते म्हणाले. “पोटॅशच्या द्रावणातून उचलताना तुटलं, चिमट्याला चिकटलं आणि मग कुठे पडलं ते दिसेचना. दोन तास जमिनीवर रांगत शोधलं मी. तू चार दिवस तापात त्या पाण्यात उभी होतीस. एकच नर आणलास. माझ्या हातात कुपी देताना म्हणालीस, जपून.”

“मग?”

“मग दुसऱ्याचं लावलं. त्यातल्या त्यात तसंच दिसणारं. वाटलं, तू पोटाकडचा चिमटा बघशील, नाव लिहिशील आणि पेटी कपाटात जाईल. मिशा कोण मोजत बसतं.”

“मी मोजते.”

“हो.” मास्तर चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिले. “तिसऱ्या आठवड्यात तू धावत आलीस. नवी जात, नवी जात करत. पायात एकच चप्पल होती.”

“तेव्हा सांगायचं.”

“तेव्हाच सांगायचं होतं. पण तुला इतकं आनंदात मी कधी बघितलंच नव्हतं. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. मग खात्यातल्या साहेबांना कळलं. मग लेख गेला. मग तू त्या जातीला माझंच नाव दिलंस. मी किती नको म्हटलं, आठव जरा.”

बाईंना आठवत होतं. नको म्हणण्याचं त्यांनी केवढं कौतुक केलं होतं, चारचौघांत, नातेवाइकांत. माणूस बघा कसा आहे, नाव लावून घ्यायलाही लाजतो. ज्याच्या हातांवर आपला डोळे मिटून विश्वास, त्याचं नाव द्यायचं नाही तर कोणाचं, असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या.

“आणि ओढ्यावर?” त्यांनी विचारलं. “एवढी वर्षं माझ्याबरोबर येत होतात. माझ्याआधी उठून जाळी धुवायचात. गुडघाभर पाण्यात उभे राहायचात. काय शोधत होतात तिथे?”

“तेच.”

“जे नाहीच ते?”

“मला वाटायचं, एवढ्या चिलटांत एखादं असेलही तसं. काय सांगावं. एक जरी सापडलं असतं ना, मी सुटलो असतो.”

दरवर्षी जाळीतला गाळ ओतलेली ताटली पुढ्यात घेऊन दोघं शेजारी शेजारी वाकत. ऊन चढलं की मास्तर त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवत. परतताना गाडीत म्हणत, पुढच्या वर्षी नक्की. त्या चार दिवसांसाठी बाई वर्षभर कळ काढत असत. त्यांच्या लेखी तेच त्यांचं सहजीवन होतं. आणि हा माणूस तिथे स्वतःची सुटका शोधायला येत होता. खोटं बोलल्याचं एकवेळ पचलं असतं. ते चार दिवस त्याने नासवले, हे त्यांना पचेना.

“आणखी किती?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“आणखी किती स्लाइड्सवर डोकी बदललीत?”

“ती एकच. तुझी शपथ.”

“माझी शपथ नका घालू,” बाई म्हणाल्या, आणि चिरलेली काकडी झाकून ठेवून आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या मास्तरांच्या पेट्या घेऊन बसल्या. पेटी पहिली, स्लाइड पहिली. डोकं, पंख, छाती, पाय, पोट. एकाचेच आहेत ना, मिशा दोनच आहेत ना. खात्यातली माणसं विचारायची, काय चाललंय, आणि बाई म्हणायच्या, उजळणी. आठवडाभरात सहाशे स्लाइड्स झाल्या. सगळ्या चोख. पंख आरशासारखे सपाट पसरलेले, पायांवरचा एकेक केस मोजून घ्यावा असा. बरोबर निघालेल्या प्रत्येक स्लाइडने जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट बाईंचा संताप वाढत गेला. हजारो चिलटांशी हा माणूस सचोटीने वागला होता, आणि फसवायला त्याला नेमकी बायको सापडली होती.

तरी रविवारी सकाळी त्यांनी पेन्सिल घेतली. पुढे ढकलून चालणार नव्हतं; फोटोंसाठी त्या संस्थेची दोन पत्रं येऊन पडली होती. कच्चा मजकूर त्या नेहमी पेन्सिलीने लिहीत आणि मास्तर तो टाइप करत. मजकूर चार ओळींचा झाला. या जातीचा एकमेव नमुना दोन वेगळ्या चिलटांच्या अवयवांचा आहे. स्लाइड तयार करताना एकाच्या धडासोबत दुसऱ्याचं डोकं अनवधानाने बसवलं गेलं. सबब अशी जात अस्तित्वात नाही. तिचं नाव रद्द समजावं.

‘अनवधानाने’ हा शब्द लिहिताना हात अडखळला नाही. एकतीस वर्षांचा संसार होता. निवृत्त माणसाला या वयात चव्हाट्यावर आणून काय मिळणार होतं? शिवाय एवढी मोठी गोष्ट त्यांनी एकट्याने पोटात ठेवली, कोणाजवळ बोलले नाहीत, मन मोकळं केलं नाही, आतल्या आत कुढले असतील, असंही एक मन म्हणत होतं. मास्तर चहा ठेवायला आले. त्यांनी खांद्यावरून तो कागद वाचला आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. आठवडाभरात पहिल्यांदा बाईंनी तो हात झटकला नाही.

मग त्यांनी लेकीला फोन लावला. ती सत्तावीस वर्षांची, दुसऱ्या शहरात नोकरीला होती. आपल्या आईच्या नावावर असलेलं ते एकुलतं एक चिलट आता पुसलं जाणार, हे तिला परक्याकडून कळू नये.

“अगं, ओढ्यावरची आपली जात आहे ना,” बाई म्हणाल्या, “ती नाहीच. नमुनाच चुकीचा होता.”



“बाबांनी सांगितलं,” लेकीने विचारलं, “की तुझं तुलाच कळलं?”

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“आई...”

“कधीपासून?”

“चौदा वर्षांची होते. आपण तिघं ओढ्यावर होतो, तू वर उगमाकडे गेली होतीस. मी बाबांना सहज विचारलं, हे कधीच सापडलं नाही तर आई काय करेल. तर ते रडायलाच लागले गं. मग सगळं सांगितलं. आईला बोलू नकोस म्हणाले.”

“म्हणून तू यायची बंद झालीस.”

“मला बघवायचं नाही. तू ताटलीवर वाकलेली असायचीस आणि बाबा माझ्याकडे बघायचे.”

मुलगी मोठी झाली, आता तिला आईबरोबर चिखलात यायला लाज वाटते, असं बाईंनी तेव्हा धरून चाललं होतं. त्यावरून त्या आठवडाभर तिच्याशी धड बोलल्या नव्हत्या. मास्तरच मध्ये पडले होते. पोरींचं असंच असतं, जाऊ दे, असं म्हणून त्यांनी मायलेकींत समेट घडवून आणला होता.

“आई, ऐकतेयस ना? हे छापायलाच हवं का? ते चिलट काही तक्रार करायला येणार नाही. आणि बाबांचं आता वय झालंय.”

“माझं नाही झालं?”

“तसं नाही गं. तुला त्रास होऊ नये म्हणूनच तर आम्ही...”

ती पुढेही बरंच काही बोलली, समजुतीच्या सुरात, आजाऱ्याशी बोलावं तसं. बाईंना ते ऐकू येत होतं आणि नव्हतंही. तेरा वर्षं, लेक घरी असली की जेवायला तीन ताटं मांडली जात, आणि त्यातल्या दोघांना ठाऊक होतं. ओढ्याहून परतल्यावर त्या उत्साहाने सांगायच्या, यंदा पाणी जास्त होतं, यंदा चिलटं उशिरा उठली, आणि ते दोघं माना डोलवायचे. सांभाळून घेत होते त्यांना. त्यांच्याच घरात, त्यांच्याच पाठीमागे.

“बरं,” बाई म्हणाल्या. “ठेवते.”

त्यांनी कागद पुढे ओढला. खोडरबर शोधला. दुसऱ्या ओळीतला ‘अनवधानाने’ हा शब्द हळूहळू, कागद फाटणार नाही अशा बेताने खोडला. चुरा फुंकून टाकला. त्या जागी दुसरं काही लिहिलं नाही. मग उठून बाहेरच्या खोलीत गेल्या आणि कागद मास्तरांच्या पुढ्यात ठेवला.

“लेकीशी बोलत होतीस?” मास्तरांनी विचारलं.

“हो.”

“काय म्हणाली?”

“तुमची काळजी करत होती.”

मास्तरांनी वर पाहिलं. कागद चष्म्याजवळ धरून वाचला. दुसऱ्या ओळीशी त्यांचं बोट थांबलं.

“इथे एक शब्द होता.”

“होता.”

“मग तिथे काय टाइप करू?”

“जे झालं ते.”

बाई खिडकीपाशी जाऊन बसल्या. समोरच्या इमारतीत कोणीतरी गालिचा झटकत होतं. पाठीमागे कीबोर्ड वाजू लागला, सवयीच्या वेगाने, मग मध्येच थांबला. गालिचा झटकून झाला, घडी घालून आत गेला. कीबोर्ड पुन्हा सुरू झाला तेव्हा फार सावकाश वाजत होता, एकेक अक्षर शोधावं तसा. शेवटी प्रिंटर घरघरला.

मास्तर कागद आणि पेन घेऊन आले. सही कुठे करायची ती जागा त्यांनी नेहमीसारखी अंगठ्याने दाखवली. एकतीस वर्षांत त्यांनी टाइप केलेला एकही कागद बाईंनी सहीआधी वाचून पाहिला नव्हता. मास्तर पेन पुढे करत, बाई सही करून मोकळ्या होत.

बाईंनी पेन घेतलं आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. पदराने चष्म्याच्या काचा पुसल्या, चष्मा लावला, आणि मास्तर समोर उभे असताना पहिल्या ओळीतल्या पहिल्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली.